सुभेदार साहेब तक्रार करत नाहीत

इंदूरहून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील आणि दवाखान्यांची नावं गाळून त्याचा गोषवारा असा:

ताई शाळेत शिकवतात. वडील 73 वर्षांचे, लष्कराच्या सिग्नल्स, म्हणजे संदेशवहन विभागात 28 वर्षं काढून 1999 साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई-बाबा ताईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, भाऊ हैदराबादला असतो. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे आणि औषधं माजी सैनिकांच्या योजनेतून, म्हणजे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून येतात. काही महिने झाले, तीनपैकी एक, मधुमेहाची गोळी खिडकीवर मिळतच नाही. बाबा सकाळी नंबर लावतात, दोन गोळ्या घेऊन येतात आणि 'पुढच्या खेपेला येईल' म्हणतात. उन्हाळ्यात एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. योजनेच्या यादीतल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं, तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, 'ईसीएचएसवाले सर सकाळी दहाला येतात, तोपर्यंत 40,000 जमा करा.' ताईंनी भरले. दुखणं हृदयाचं निघालं नाही, दोन दिवसांत बाबा घरी आले. पैसे मात्र आले नाहीत.

ताईंनी चार पानांची तक्रार लिहून बाबांपुढे सहीसाठी ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि म्हणाले, 'खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात.' त्यानंतर चार दिवस ते ताईंशी बोलले नाहीत. भाऊ म्हणतो, सोडा ते सरकारी लफडं, आयुष्मान कार्ड काढू किंवा विमा घेऊ आणि चांगल्या प्रायव्हेटमध्ये नेऊ. ताई विचारतात, बाबांच्या नकळत तक्रार पाठवू का? की भावाचं ऐकू? 'ज्या देशासाठी त्यांनी उमर घालवली, त्याने त्यांना असं वागवावं?'

---

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तुम्ही चौथ्या पानावर, दोन रागाच्या परिच्छेदांच्या मधे टाकलं आहे. आई सांगते की बाबा न मिळणारी गोळी ब्लेडने अर्धी करून घेतात, म्हणजे जुनी पट्टी पुढच्या खेपेपर्यंत पुरते. डिपॉझिट, काउंटरवरचा मुलगा, देश, हे सगळं नंतर. आधी ही गोळी.

आज संध्याकाळी जाऊन ती पट्टी हातात घ्या. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असं काही छापलं असेल, तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते आणि ती सहसा मोडायची नसते. मोडली की औषध एकदम अंगात उतरतं आणि पुढचे तास कोरडे जातात. तसं काही छापलेलं नसलं, तरी निम्मा डोस तो निम्माच. मधुमेहाच्या माणसाची साखर अशी महिनोन् महिने वर राहिली की डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा यांच्यावर मुकाट्याने काम चालू होतं. तेव्हा पंधरा दिवसांच्या गोळ्या बाहेरून आणून घरात ठेवा. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी बरीच स्वस्त मिळते. बाबा 'कशाला खर्च' म्हणतील, म्हणू द्या. आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी तपासणी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढे अर्ज करायची वेळ आली तर तो आकडा तुमच्या चार पानांपेक्षा जास्त बोलेल.

दुसरं एक बघा. जी गोळी 'नाही' म्हणतात, ती पर्चीवर कोणत्या नावाने लिहिली आहे? पुष्कळदा असं होतं की बाहेरच्या स्पेशालिस्टने कंपनीचं नाव लिहिलेलं असतं, पॉलिक्लिनिकच्या साठ्यात तोच घटक दुसऱ्या नावाने असतो, खिडकीवरचा माणूस नाव जुळवतो, जुळत नाही आणि पर्ची परत येते. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना एवढंच विचारायचं, 'याच घटकाची दुसरी गोळी आहे का?' अर्धे तंटे इथेच मिटतात. उरलेले मिटत नाहीत, त्यांचं पुढे बोलते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तो तुम्ही मांडलाय तसा दोन बाजूंचा नाही. त्यात तीन माणसं आहेत आणि तिघांनीही काहीतरी गृहीत धरलेलं आहे.

बाबांपासून सुरुवात करू. त्यांना वाटतं, सरकार फुकटात औषधपाणी देतंय, मग मिळेल ते घ्यावं आणि तोंड मिटून बसावं. पण हे फुकट नाही. ही योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू झाली. 1 जानेवारी 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ होती. तुमचे बाबा 1999 चे, म्हणजे त्यांनी सदस्य होताना पैसे भरलेले आहेत. त्या वेळी पेन्शनच्या हिशेबाने 1,800 पासून 18,000 रुपयांपर्यंत एकरकमी वर्गणी होती. आता निवृत्त होणाऱ्या हवालदारापर्यंतच्या जवानाला 30,000, जेसीओला, म्हणजे सुभेदारासारख्या ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरला, 67,000 आणि अधिकाऱ्याला 1,20,000 भरावे लागतात. बाबांच्या ट्रंकेत त्या वर्गणीची पावती नक्की असेल, फौजी माणूस असा कागद टाकत नाही. ती शोधायला लावा. शोधता शोधता त्यांचं त्यांनाच आठवेल.

त्याआधी काय होतं, हेही त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमच्या जवळच्या महू छावणीचं काय किंवा दुसरं कुठलं काय, मिलिटरी हॉस्पिटल मुळात सेवेतल्या जवानांसाठी असतं. निवृत्त माणसाला तिथे जागा आणि डॉक्टरांची सवड असेल तरच. कोकणातल्या किंवा निमाडातल्या खेड्यात पेन्शन घेणाऱ्या हवालदाराला तर तेही लांबच. आपण बोलताना सहज 'माजी सैनिकांचं हॉस्पिटल' म्हणतो, पण तसं वेगळं हॉस्पिटल आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात नाही. देशभर चारशेहून जास्त पॉलिक्लिनिकं आहेत, तिथे साधी तपासणी आणि औषधं मिळतात. मोठ्या दुखण्याला तिथून पर्ची घेऊन मिलिटरी हॉस्पिटलात किंवा यादीतल्या खासगी हॉस्पिटलात जायचं. म्हणजे 'तिथली सेवा कशी आहे' या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. पॉलिक्लिनिकचे डॉक्टर चांगले आणि औषधांची खिडकी रिकामी, असं असू शकतं. मिलिटरी हॉस्पिटलात ऑपरेशन उत्तम झालं आणि नंतरच्या ड्रेसिंगसाठी कुठे जायचं ते कोणी सांगितलं नाही, असंही होतं. माजी सैनिकांशी बोलायला बसलं की एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही निघतं, आणि दोन्ही खरं असतं.

बाबांचा वाशांचा मुद्दा मला मात्र मनापासून समजतो. फौजेत वाढलेल्या माणसाला पलटण म्हणजे घर. पण घरातल्या माणसानेच वाळवी लागलेला वासा दाखवला तर त्याला वासे मोजणं म्हणत नाहीत. हे त्यांना तुम्ही सांगू नका, ऐकणार नाहीत. त्यांना त्यांच्याच नोकरीतलं विचारा. सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसर शेवटी विचारतात, 'किसी को कोई पॉइंट?' तेव्हा उभं राहून पॉइंट मांडणाऱ्या जवानाला बाबांनी कधी गद्दार म्हटलं होतं का? कंपनीत एखाद्याला रेशन कमी मिळालं, कुणाची रजा अडकली, तर ती गोष्ट साहेबांपर्यंत कोण नेत होतं? सुभेदारच ना? आर्मी अ‍ॅक्ट, 1950 मध्ये तर अन्याय झाला असं वाटणाऱ्या जवानाला आणि जेसीओला वरिष्ठांकडे दाद मागण्याचा हक्क कलम 26 ने दिलेला आहे. फौज तक्रारीला घाबरत नाही. तिला तक्रारीची रीत लागते. तुमची चार पानं बाबांना कुठे खुपली असतील तर इथे. तुमचं म्हणणं चूक होतं म्हणून नव्हे, ते बेशिस्त होतं म्हणून.

आणि निवृत्त फौजींनी अर्ज लिहिण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. महारांची फौजेतली भरती बंद झाली, तेव्हा 1894 साली गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने मुंबईच्या सरसेनापतींना उद्देशून विनंतीअर्ज तयार केला होता. एका समाजाने किती पिढ्या पलटणीत घालवल्या त्याचा हिशेब देऊन दार पुन्हा उघडा म्हणणारा तो अर्ज होता. पलटणीवर माया असलेली माणसंच असे कागद लिहितात. आंबेडकरांच्या जन्मगावाजवळ, महूजवळ राहणाऱ्या बाबांना ही गोष्ट आवडावी.

तुमच्याबद्दल बोलायचं तर, राग रास्त आहे. पण 'देशाने त्यांना असं वागवावं का' या वाक्याला पत्ता नाही. ते वाचून कोणता बाबू कोणतं कपाट उघडेल? तुमच्या चार पानांत (तुम्ही प्रत जोडलीत ते बरं केलंत) औषध, डिपॉझिट, खिडकीवरच्या बाईंचा सूर, बसायला खुर्च्या नाहीत, पंखा बंद, 1971 आणि कारगिल असं सगळं एका माळेत ओवलेलं आहे. औषधाचा प्रश्न पॉलिक्लिनिकच्या प्रमुखाचा. डिपॉझिटचा प्रश्न त्या खासगी हॉस्पिटलाचा आणि योजनेच्या रीजनल सेंटरचा. पंखा स्टेशन हेडक्वार्टरचा असेल. सगळं एकत्र लिहिलं की प्रत्येक टेबलावरचा माणूस म्हणतो, हे मुख्यतः पलीकडच्या टेबलाचं आहे.

शिवाय बाबांच्या नकळत पाठवायचं म्हणता, ते नको. कार्ड त्यांचं, सदस्य ते, विचारणा त्यांनाच होणार. उद्या ते नंबर लावून बसले असताना आतून कुणी चार लोकांत म्हटलं, 'सुभेदार साहब, आपकी शिकायत आई है', तर त्या माणसावर काय गुदरेल? त्या दिवसानंतर ते पॉलिक्लिनिकला जाणंच बंद करतील, आणि मग अर्धी गोळीही नाही. तिथे ते फक्त औषधाला जात नाहीत, हे तुमच्याच पत्रात आहे: 'येताना दोन मित्रांना घेऊन येतात आणि पोहे मागतात.' शहरात त्यांना 'साहब' म्हणून हाक मारणारी ती एकच जागा उरली असेल, तर ती त्यांच्यापासून तोडायची नाही.

आता भाऊ. तो लांब आहे, काळजीने बोलतोय, त्याच्यावर चिडू नका. पण त्याला एक विचारा: त्या रात्री 40,000 मागणारं हॉस्पिटल कुणाचं होतं? प्रायव्हेटच. तुमच्या पत्रातला सगळ्यात वाईट अनुभव सरकारी जागेतला नाही, ज्या 'चांगल्या प्रायव्हेट'मध्ये तो न्यायचं म्हणतो त्याच जातीच्या काउंटरवरचा आहे. खासगी हॉस्पिटलं ईसीएचएसच्या पेशंटशी कोरडं वागतात, यामागे बिलं वेळेवर चुकती होत नाहीत ही त्यांची जुनी ओरड आहे. ओरड खोटीही नाही. 2015 साली कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या लेखापरीक्षकांनी, या योजनेची तपासणी करून स्वतंत्र अहवाल दिला, त्यात पॉलिक्लिनिकांतल्या औषधांच्या तुटवड्यापासून हॉस्पिटलांनी लावलेल्या जादा दरांपर्यंत बरंच काही मांडलेलं आहे. म्हणजे दोन्हीकडे घोळ आहे. पण यादीत नाव ठेवायचं, योजनेचा बोर्ड दारावर लावायचा आणि रात्री दोन वाजता छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याच्या मुलीकडून रोकड घ्यायची, याला बिलांच्या उशिराचं कारण पुरत नाही.

विम्याचं म्हणाल तर 73 व्या वर्षी, मधुमेह आणि रक्तदाब असताना, नवी पॉलिसी मिळालीच तर हप्ता जबर असेल, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. ईसीएचएसमध्ये आधीच्या आजाराची अट नाही, वयाची नाही, उपचाराच्या एकूण खर्चाला ठरावीक मर्यादा नाही. आणि आयुष्मान कार्डाबद्दल भावाला जरा हळू घ्यायला सांगा. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना पाच लाखांचं संरक्षण देणारं कार्ड सुरू झालं हे खरं. पण जो ईसीएचएसचा लाभ घेतोय त्याने दोन्हींतलं एकच निवडायचं आहे. आयुष्मानमध्ये वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे, आणि ते हॉस्पिटलात भरती होण्यासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. या कार्डाचे कॅम्प लागतात, कुणीतरी उत्साहाने आधार कार्ड घेऊन जातं आणि अंगठा लावून येतं. तुमच्या बाबांनी विचार न करता तसं करू नये. जे हातात आहे ते त्यांच्या वयाला कुठल्याही विम्यापेक्षा मोठं आहे. ते नीट चालत नाही, हा प्रश्न आहे.

मग काय करायचं?

औषधापासून धरा. गोळी नाही म्हटलं की रिकाम्या हाताने परत यायचं नाही. पर्चीवर 'एनए', म्हणजे साठ्यात नाही, असं तारखेसकट लिहून घ्यायचं. पॉलिक्लिनिकला साठ्यात नसलेली औषधं ठरवलेल्या स्थानिक केमिस्टकडून मागवायची सोय असते. तीही वाट बंद असेल तर बाहेरून घेऊन पक्क्या बिलासकट परतफेड मागता येते. बाबांनी आजवर एकदाही एनएचा शिक्का मागितलेला नाही, हे पत्रावरून दिसतंय. 'अगली बार आएगी' हे तोंडी आश्वासन त्यांना पुरतं. गंमत अशी की शिक्का मागितला नाही तर कागदोपत्री त्यांना औषध मिळालंच नाही अशी नोंदच राहत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याची मागणी वर जात नाही. न बोलणाऱ्या प्रत्येक शिस्तबद्ध म्हाताऱ्यामुळे पुढच्या वर्षीचा साठा कमी येतो. हा मुद्दा सुभेदाराला चटकन कळेल, कारण इंडेंट, म्हणजे साठ्याचं मागणीपत्र, कसा भरला जातो हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत आहे.

अर्ज बाबांनीच लिहावा, स्वतःच्या अक्षरात, हिंदीत. तुम्ही समोर बसू नका, चहा ठेवून बाहेर जा. अर्ज एका पानाचा असावा. वर नंबर, रँक, नाव, कार्ड क्रमांक. मग गोळीचं नाव, डॉक्टरांनी कधी लिहिली, कोणकोणत्या तारखांना मिळाली नाही, त्यामुळे डोस निम्मा झाला आणि साखर इतकी आली. शेवटी फक्त मागणी: ही गोळी किंवा त्याच घटकाची पर्यायी गोळी या महिन्यापासून द्यावी, आणि तोवर बाहेरून घेतलेल्या गोळ्यांची परतफेड व्हावी. '28 वर्षे सेवा' वगैरे नको. ते वरच्या नंबर-रँकमध्ये आलेलंच आहे, आणि वाचणाराही बहुधा फौजीच असतो. पॉलिक्लिनिकचे ऑफिसर-इन-चार्ज हे निवृत्त अधिकारी असतात. त्यांच्या हातात अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच घेताना संकोच करतील, तेवढ्यापुरतं तुम्ही सोबत जा. दोन-तीन आठवड्यांत काही हाललं नाही तर त्याच अर्जाची प्रत पोचसकट रीजनल सेंटरला, त्यानंतर दिल्लीच्या केंद्रीय कार्यालयाला आणि केंद्र सरकारच्या सीपीजीआरएएमएस या तक्रार पोर्टलवर टाकायची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही अशा कामात मदत मिळते. चिंता एवढीच की माणसं ही शिडी उलटी चढतात, पहिला अर्ज थेट पंतप्रधानांना जातो आणि तो खाली येत येत पॉलिक्लिनिकच्या त्याच टेबलावर पोहोचतो.

तरीही बाबा 'माझ्यासाठी नको' म्हणालेच, तर त्यांना म्हणा, 'स्वतःसाठी लिहू नका, दुसऱ्यांसाठी लिहा.' लाईनीत त्यांच्या मागे एखादी हवालदाराची विधवा असेल, जिला पर्चीही वाचता येत नाही आणि जी मुकाट्याने परत जाते. दोन-चार मित्रांनी मिळून 'या पाच गोळ्या या तारखांपासून नाहीत' असा एक कागद दिला, तर ती एकट्याची कुरकुर राहत नाही. पोहे खायला येणाऱ्या त्या दोन मित्रांपासूनच सुरुवात होईल.

त्या रात्रीसारखी वेळ पुन्हा आली, तर काय? छातीत दुखणं, पक्षाघात, मोठा अपघात अशा तातडीच्या वेळी रेफरल पर्ची लागत नाही. यादीतल्या हॉस्पिटलाने कार्ड बघून भरती करायचं आणि डिपॉझिट मागायचं नाही, पॉलिक्लिनिकला कळवणं हे त्यांचं काम. तरी मागितलंच, तर आवाज चढवू नका. एवढंच म्हणा, 'पैसे भरल्याशिवाय घेत नाही हे लेटरहेडवर लिहून सही-शिक्का द्या.' बहुतेक वेळा ड्यूटीवरचा मॅनेजर खाली येतो. पण माणूस तडफडत असेल तर वाद घालत बसायचं नाही, पैसे भरा, पावती घ्या, भांडण उद्या. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल यादीत नसेल तरी तिथेच न्यायचं. फक्त दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, आणि सुटी होताना तातडीचा दाखला, डिस्चार्ज समरी, प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारं बिल, पावत्या, सगळं मूळ प्रतीत ताब्यात घ्यायचं. परतफेड सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दराने होते, म्हणजे भरलेली पूर्ण रक्कम येईलच असं धरून चालू नका. आणि वॉर्डचं लक्षात असू द्या, जेसीओला सेमी-प्रायव्हेट वॉर्डचा हक्क आहे. काउंटरवर 'जनरलच मिळेल' म्हणाले तर ते चूक, आणि हौसेने प्रायव्हेट घेतलात तर वरचा फरक तुमच्या खिशातून.

कार्डाची, चालू औषधांच्या पर्चीची आणि यादीतल्या तीन जवळच्या हॉस्पिटलांच्या पत्त्यांची एक एक प्रत फ्रिजवर लावा. बाबांच्या मोबाईलमध्ये आहे, असं सांगू नका. रात्री दोनला त्यांचा मोबाईल त्यांच्याच उशाखाली असतो आणि पॅटर्न फक्त त्यांना येतो.

राहिले ते 40,000. ते गेले असं धरू नका. हॉस्पिटलाकडे लेखी अर्ज देऊन बाबांची सगळी कागदपत्रं मागा. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत ती द्यावीत असा डॉक्टरांसाठीच्या आचारसंहितेचा 2002 पासूनचा नियम आहे. मग एकच प्रश्न विचारा: त्या दोन दिवसांचं बिल त्यांनी ईसीएचएसकडेही ऑनलाइन पाठवलं आहे का? पाठवलं असेल तर तुमचे पैसे ठेवून घ्यायचा त्यांना काडीचा अधिकार नाही, आणि ही तक्रार रीजनल सेंटर फार गांभीर्याने घेतं, कारण तिथे सरकारचाही पैसा दुसऱ्यांदा गेलेला असतो. पाठवलं नसेल तर उशिराचं कारण लिहून पॉलिक्लिनिकमार्फत परतफेडीचा दावा करा. दोन्ही कागदांवर सही बाबांचीच लागेल. पण हे खासगी हॉस्पिटलाविरुद्ध आहे, पलटणीविरुद्ध नाही, त्यामुळे माझा अंदाज आहे की या सहीला ते चार दिवस लावणार नाहीत. कदाचित इथूनच सुरुवात करा आणि औषधाचा अर्ज मागाहून पुढे सरकवा.

जाता जाता, आईंचं कार्ड वेगळं बनलेलं आहे ना, आणि त्यावरचं नाव पेन्शनच्या कागदातल्या नावाशी अक्षरशः जुळतं ना, हे याच आठवड्यात बघा. आपल्याकडे लग्नानंतर बदललेलं नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात एक, आधारवर दुसरं आणि कार्डावर तिसरं असतं. ते आत्ता, बाबा स्वतः जाऊन सही करू शकतात तोवर दुरुस्त करणं सोपं आहे.